नादारीचा अर्ज करण्यापूर्वी
(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या दिवशी कर्ज आणि दिवाळखोरी यांविषयी बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. आज आपण मुलांच्या यशाचे कौतुक करतो, नव्याने आलेल्या कुटुंबांचे स्वागत करतो. तथापि, ज्या विषयाची आपल्या घरांतून केवळ दबक्या आवाजात चर्चा होते, तो विषय एकदा तरी मोकळेपणाने सर्वांसमोर मांडला गेला पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. नोकरी जाते, आजारपण ओढवते, संसार मोडतो, चालता धंदा बसतो. आणि परक्या देशात, मागे आधार नसताना, सुशिक्षित व कष्टाळू माणूससुद्धा कर्जात बुडतो. अशा वेळी त्याचे दुर्दैव त्याचे जेवढे नुकसान करते, त्याहून अधिक नुकसान त्याची लाज करते. लाजेपोटी तो पत्रे उघडत नाही, खरे सांगत नाही, नको त्याला आधी पैसे देतो. आणि कायद्याने उघडे ठेवलेले दार स्वतःच्या हाताने बंद करून घेतो. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

कर्ज म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. सावकाराच्या वहीतील अंगठा आणि त्यापायी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागलेली वेठ ही आपल्या पूर्वजांच्या आयुष्यातील वस्तुस्थिती होती. इ. स. १८७५ साली पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जखते हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद केली आणि त्याच्या नादारीचीही तरतूद केली. पुढे स्वतंत्र भारतात १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांच्या डोक्यावरील ऋण रद्द ठरविले. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नव्हे आणि कर्जापायी माणसाचे उभे आयुष्य गहाण पडू नये, हा विचार आपल्या भूमीलाही अपरिचित नाही, हे यावरून दिसून येईल.

जर्मनीत हा विचार कायद्यात उतरण्यास बराच काळ लागला. येथील जुना दिवाळखोरीचा कायदा १८७७ सालचा होता. त्याखाली मालमत्ता विकून झाल्यावरही उरलेल्या कर्जासाठी धनको ३० वर्षे ऋणकोचा पाठपुरावा करू शकत असे. १ जानेवारी १९९९ रोजी ‘इन्सोल्व्हेन्त्स-ओर्डनुंग’ हा नवा कायदा अमलात आला आणि सामान्य माणसाला प्रथमच उर्वरित कर्जातून मुक्त होण्याचा मार्ग मिळाला. त्यास येथे ‘रेस्टशुल्डबेफ्रायुंग’ म्हणतात. आपण त्यास अवशिष्ट ऋणमुक्ती म्हणू. प्रारंभी ही मुदत फार लांब होती. पुढे बराच काळ ती सामान्यतः ६ वर्षांची होती. १ ऑक्टोबर २०२० पासून केलेल्या अर्जांना ती ३ वर्षांची आहे, आणि या ३ वर्षांत कर्जाचा अमुक एक हिस्सा फेडलाच पाहिजे अशी अट नाही. न्यायालयाचा खर्च भरण्याची ऐपत नसेल, तर तो पुढे ढकलून घेण्याचीही सोय आहे.

या कायद्याच्या पहिल्याच कलमात एक शब्द आहे, तो आपण लक्षात ठेवावा. ऋणमुक्तीची संधी ‘प्रामाणिक’ ऋणकोला मिळेल, असे ते कलम म्हणते. कायदा श्रीमंती पाहत नाही, शिक्षण पाहत नाही, कोणत्या देशाचे पारपत्र आहे हेही विचारीत नाही. तो प्रामाणिकपणा पाहतो. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख आहे आणि निर्दोष आचरणाचे सुखही आहे. येथे ही दोन सुखे एकमेकांत गुंतलेली आहेत. दुसऱ्यावाचून पहिले मिळत नाही.

आता अर्ज करण्यापूर्वीच्या काळात कोणत्या चुका टाळावयाच्या, ते क्रमाने पाहू.

पहिली चूक म्हणजे पत्रे न उघडणे. न्यायालयाचे पिवळे पाकीट पेटीत पडले की काळजाचा ठोका चुकतो, आणि ते पाकीट खणात जाते. त्या पाकिटात ‘मानबेशाइड’, म्हणजे पैसे भरण्याविषयीची न्यायालयीन सूचना असेल, तर हरकत घेण्यास केवळ २ आठवड्यांची मुदत असते. धनकोची मागणी खरी आहे किंवा नाही, हे न्यायालय त्या टप्प्यावर तपासत नाही. आपण गप्प बसलो तर अंमलबजावणीचा आदेश निघतो. त्यावरही २ आठवड्यांतच आक्षेप घेता येतो. तीही मुदत गेली की ती मागणी, खोटी असो वा फुगविलेली असो, सामान्यतः ३० वर्षे वसूल करता येते. म्हणून प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडावे, त्यावर वाटपाची तारीख लिहिलेली असते ती जपावी, आणि सर्व पत्रे धनकोवार एका फायलीत लावावीत. भाषा अडत असेल, तर ज्याला ती येते अशा विश्वासू माणसाला दाखवावे. शाळकरी मुलांना मात्र ही पत्रे वाचावयास लावू नयेत. ते ओझे त्यांचे नव्हे.

दुसरी चूक म्हणजे बँकेचा हप्ता भरण्यासाठी घरभाडे थकविणे. जो धनको अधिक मोठ्याने ओरडतो, त्याला आधी पैसे देण्याकडे माणसाचा कल असतो. परंतु क्रम उलटा असला पाहिजे. २ महिन्यांचे भाडे थकले की घरमालक मुदत न देताही करार संपुष्टात आणू शकतो. त्यानंतर वीज, अन्न, औषधे आणि मुलांची पोटगी यांचा क्रम लागतो. फौजदारी दंडही दुर्लक्षून चालत नाही. तो न भरल्यास त्याऐवजी तुरुंगवास भोगावा लागू शकतो. पतपत्राचा हप्ता आणि सामानाच्या दुकानाची उधारी यानंतर येतात. डोक्यावरचे छप्पर गेले, तर पुढील सर्वच मार्ग अवघड होतात.

तिसरी चूक म्हणजे नवे कर्ज काढून जुने फेडणे. ‘शूफाची चौकशी न करता कर्ज’ अशा जाहिराती आपण पाहतो. त्यांतील अनेकांत आधी शुल्क घेतले जाते आणि कर्ज मिळतच नाही. परंतु खरा धोका त्याहून मोठा आहे. कर्जाच्या किंवा सरकारी साहाय्याच्या अर्जात आपल्या आर्थिक स्थितीविषयी जाणूनबुजून अथवा घोर निष्काळजीपणाने खोटी लेखी माहिती दिली असेल, आणि ते नादारीच्या अर्जापूर्वीच्या ३ वर्षांत घडले असेल, तर एखाद्या धनकोच्या मागणीवरून न्यायालय ऋणमुक्ती नाकारू शकते. त्याच ३ वर्षांत ऐपतीबाहेरची कर्जे काढणे किंवा मालमत्ता उधळणे यांचाही परिणाम तोच होऊ शकतो. हप्ते थकलेले असताना उधारीवर थाटाचे लग्न करणारा माणूस आपली अब्रू राखत नाही. तो आपल्या ऋणमुक्तीवर पाणी सोडतो.

चौथी चूक आपल्या समाजात विशेष संभवते, कारण ती सद्‌भावनेतून होते. ती म्हणजे आपल्या माणसांना आधी फेडणे. समजा, फ्रँकफुर्टजवळ राहणाऱ्या एका कुटुंबावर ३८,००० युरोंचे कर्ज आहे. त्यांनी एका स्नेह्याकडून ४,००० युरो उसने घेतले होते. अर्ज करण्याचे ठरल्यावर पतीने मोटार विकली आणि ‘बँकेचे काय ते होईल, पण आपल्या माणसाचे तरी बुडू नयेत’ म्हणून ती रक्कम स्नेह्याला दिली. २ महिन्यांनी अर्ज झाला. आता नादारी-प्रशासक त्या स्नेह्यास पत्र पाठवील आणि त्याला ऋणकोची अडचण ठाऊक होती असे दिसल्यास ते ४,००० युरो परत मागेल. अर्जापूर्वीच्या ३ महिन्यांतील अशा फेडीकडे कायदा संशयाने पाहतो, आणि निकटच्या नातेवाईकांच्या बाबतीत तर त्यांना परिस्थिती ठाऊक होती असेच गृहीत धरतो. ज्याचे भले करावयास गेलो, त्यालाच न्यायालयाच्या दारी नेले, असा हा प्रकार होतो.

देणग्यांच्या बाबतीत हीच मुदत ४ वर्षांची आहे. वाढदिवसाची किंवा लग्नातील किरकोळ, रूढीला धरून दिलेली भेट यातून वगळली आहे. परंतु पत्नीच्या नावे केलेली मोटार, भावाच्या नावे गावी बांधून दिलेले घर किंवा संस्थेला दिलेली मोठी देणगी यांना प्रशासक आव्हान देऊ शकतो. म्हणून आमचे आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीलाही सांगणे आहे की, जो सदस्य अडचणीत आहे हे आपणास ठाऊक आहे, त्याच्याकडून मोठी देणगी स्वीकारू नये. त्याचे हित त्यातच आहे आणि संस्थेचेही.

पाचवी चूक म्हणजे लपविणे. अर्जासोबत संपूर्ण मालमत्तेची आणि सर्व धनकोंची यादी द्यावी लागते. येथील खात्यातील रक्कम तर आलीच. परंतु नागपूरची सदनिका, गावच्या शेतातील वडिलोपार्जित हिस्सा, भारतीय बँकेतील ठेव, विम्याची पॉलिसी आणि घरातील सोनेही त्यात आले. ‘सातबारा जर्मनांना कुठे वाचता येतो,’ असे म्हणणारे सल्लागार आपल्याला भेटतात. त्यांचे ऐकू नये. येथील नादारीची कार्यवाही जगभरातील मालमत्तेला लागू होते, आणि २०१७ सालापासून भारत व जर्मनी यांच्या कर-खात्यांमध्ये आर्थिक खात्यांची माहिती आपोआप दिली-घेतली जाते. यादीत खोटी किंवा अपुरी माहिती जाणूनबुजून दिली, तर ऋणमुक्ती नाकारली जाऊ शकते, आणि मालमत्ता दडविणे हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. ज्या शेताचा तुकडा विकून फारसे काही आले नसते, त्याच्यापायी संपूर्ण मुक्ती गमवावी लागते.

धनकोंची यादीही तितकीच पूर्ण असावी. मित्रमंडळींतील भिशी आधी उचलली असेल आणि पुढचे हप्ते द्यावयाचे राहिले असतील, तर तेही कर्जच होय. मेहुण्याचे हातउसने हेही कर्जच होय. नाव सांगितल्याने त्यांचा अपमान होत नाही. उलट त्यांना आपली मागणी रीतसर नोंदविता येते.

सहावी चूक जामिनाविषयीची आहे. आपली ऋणमुक्ती झाली तरी आपल्यासाठी जामीन राहिलेला किंवा सोबत सही केलेला माणूस मुक्त होत नाही. धनको त्याच्याकडे वळतो. अर्जापूर्वीच त्याच्याशी बोलणे, हे आपले कर्तव्य आहे. उलटपक्षी, केवळ विवाहामुळे पती किंवा पत्नी दुसऱ्याच्या कर्जाला जबाबदार ठरत नाही. सामान्यतः सही केली असेल तरच जबाबदारी येते. म्हणून अखेरच्या क्षणी ‘तुमच्या मंडळींचीही सही द्या, म्हणजे मुदत वाढवू’ असे कोणी सांगितले, तर ती सही देऊ नये. बुडत्या नावेत दुसऱ्याला ओढून नाव तरत नाही.

आपल्या तरुण विद्यार्थ्यांना येथे एक विशेष सूचना करावीशी वाटते. भारतातील बँकेचे शैक्षणिक कर्ज घेऊन आपण आला असाल आणि त्यावर वडिलांची सही असेल किंवा राहते घर तारण असेल, तर येथील अर्जाने ती सही आणि ते तारण नाहीसे होत नाही. जर्मन न्यायालयाची ऋणमुक्ती भारतातील बँकेवर आपोआप बंधनकारकही होत नाही. अशा कर्जासाठी प्रथम त्या बँकेशीच हप्ते आणि मुदत यांविषयी लेखी बोलणी करावीत.

सातवी चूक म्हणजे बँक खात्याची व्यवस्था वेळेवर न करणे. ज्या बँकेचे कर्ज थकले आहे, त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर ती बँक आपली येणी त्यातून वळती करून घेऊ शकते. तसेच जप्तीचा आदेश येताच खाते गोठते. यावर उपाय म्हणजे ‘पे-कोंटो’, अर्थात जप्तीपासून संरक्षित खाते. ही सोय २०१० सालापासून आहे. आपले चालू खाते असे करून द्यावे, ही मागणी बँकेला नाकारता येत नाही; मात्र एका व्यक्तीला असे एकच खाते ठेवता येते आणि पती-पत्नीचे संयुक्त खाते असे करता येत नाही. म्हणून संयुक्त खाते असेल तर आधी ते वेगळे करावे. १ जुलै २०२५ पासून दरमहा १,५५५ युरो ही जप्तीतून वगळलेली मूळ रक्कम ठरली. ती दरवर्षी १ जुलैला बदलते आणि अवलंबून असलेल्या कुटुंबीयांमुळे वाढते. त्या वाढीसाठी दाखला लागतो. तो समुपदेशन केंद्राकडून मिळू शकतो.

आठवी चूक म्हणजे ‘नाहीतरी पगार जप्त होणार’ म्हणून नोकरी सोडणे किंवा कमी तासांचे काम पत्करणे. कायदा ऋणकोकडून योग्य रोजगाराची, आणि रोजगार नसेल तर तो शोधण्याच्या प्रयत्नांची अपेक्षा करतो. ती अपेक्षा मोडणे हेही मुक्ती नाकारण्याचे कारण होऊ शकते. शिवाय आपल्यासारख्या स्थलांतरितांना नोकरीचे आणखी एक महत्त्व आहे. नादारीचा अर्ज केला एवढ्यावरून निवासाचा परवाना रद्द होत नाही. परंतु परवान्याचे नूतनीकरण, कायम निवास आणि नागरिकत्व यांच्या वेळी उदरनिर्वाह स्वतःच्या कमाईवर चालतो किंवा नाही, हे सामान्यतः पाहिले जाते. म्हणून कर्जाच्या भीतीने कमाईचे साधन सोडू नये.

नववी चूक म्हणजे चुकीच्या दारी जाणे. वैयक्तिक नादारीचा अर्ज थेट न्यायालयात नेऊन देता येत नाही. प्रथम सर्व धनकोंशी न्यायालयाबाहेर तडजोडीचा प्रयत्न करावा लागतो आणि तो फसल्याचा दाखला मान्यताप्राप्त समुपदेशन केंद्राकडून अथवा वकिलासारख्या योग्य व्यक्तीकडून घ्यावा लागतो. तो प्रयत्न अर्जापूर्वीच्या ६ महिन्यांतला असावा लागतो. भरमसाट शुल्क घेऊन ‘कर्ज निवारण’ करून देणाऱ्या संस्था जाहिराती करतात. पैसे घेतात आणि अनेकदा हा दाखलाही देऊ शकत नाहीत. याउलट कारितास, डियाकोनी, आर्बायटरवोलफार्ट यांसारख्या लोकसेवी संस्था आणि अनेक नगरपालिका ‘शुल्डनरबेराटुंग’ चालवितात, आणि तेथे गरजूंना सामान्यतः मोफत सल्ला मिळतो. तेथे जाण्यास ख्रिस्ती असावे लागत नाही. प्रतीक्षा पुष्कळदा काही महिन्यांची असते. म्हणूनच पाणी गळ्याशी येण्यापूर्वी नाव नोंदवावे. ज्यांचा पूर्वी स्वतःचा धंदा होता, त्यांनी ते प्रथम भेटीतच सांगावे. धनको २० पेक्षा कमी नसतील किंवा नोकरांची देणी राहिली असतील, तर कार्यवाहीचा प्रकार वेगळा असतो.

दहावी आणि शेवटची चूक म्हणजे कोणती कर्जे सुटतात आणि कोणती नाहीत, हे न पाहता अर्ज करणे. फौजदारी दंड, जाणूनबुजून केलेल्या अपकृत्याची भरपाई, बुद्ध्या थकविलेली पोटगी आणि कर-गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास त्यासंबंधीचा कर, ही देणी ऋणमुक्तीनंतरही उभीच राहू शकतात. बहुतांश कर्ज याच प्रकारचे असेल, तर अर्जाचा उपयोग थोडाच. आणि ही संधी वरचेवर मिळत नाही. एकदा ऋणमुक्ती मिळाली की पुढील अर्जासाठी ११ वर्षे थांबावे लागते, आणि त्या वेळी मुदत ३ नव्हे तर ५ वर्षांची असते. वारसा येऊ घातला असेल, तर तेही समुपदेशकास सांगावे, कारण कार्यवाहीच्या कोणत्या टप्प्यावर वारसा येतो यावर त्यातील किती हिस्सा द्यावा लागेल, हे अवलंबून असते.

बंधू-भगिनींनो, या दहाही चुका तपासून पाहिल्या तर बहुतेकींच्या मुळाशी एकच भावना सापडते: लोक काय म्हणतील. म्हणून या विषयात केवळ कर्जबाजारी कुटुंबाचीच नव्हे, तर आपणा सर्वांचीही जबाबदारी आहे. अडचणीतील कुटुंबाविषयी कुजबूज करणारा माणूस त्याला लपविण्यास भाग पाडतो. आपल्यापैकी कोणाचे घर अडचणीत असेल, तर त्याला आणखी उसने देऊन वेळ ढकलू नये. त्याच्यासोबत बसून पत्रे लावावीत, समुपदेशन केंद्रात भेटीची वेळ घेण्यास मदत करावी, भाषेसाठी सोबत जावे आणि तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे. ही मदत पैशांच्या मदतीहून मोलाची आहे.

आणि जे स्वतः या प्रसंगात आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, ही वाट संपणारी आहे. कार्यवाही सुरू झाल्यापासून ३ वर्षांनी न्यायालय मुक्ती देते. ‘शूफा’ या पतनोंदणी संस्थेकडे त्या मुक्तीची नोंद पूर्वी ३ वर्षे राहत असे. २०२३ सालापासून ती ६ महिन्यांनी पुसली जाते. ज्या घरात आज दारावरची घंटा वाजली की सगळे गप्प होतात, त्या घरातील मुलगी चौथीत असेल, तर ती सातवी-आठवीत जाईपर्यंत ते घर पुन्हा मोकळा श्वास घेऊ शकेल. त्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही, फक्त यादी खरी असावी लागते.

येत्या सोमवारी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या शहरातील शुल्डनरबेराटुंगला दूरध्वनी करावा आणि खणातील पाकिटे बाहेर काढावीत, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम! जय भारत!